बाराव्या ओळीला पाण्याशिवाय काही नाही

‘गुण येतो का?’

नोकरीच्या चौदा वर्षांत हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेला, तितक्या वेळा माझे नावही कोणी विचारले नसेल. विचारणारा कधी शेतकरी असे, कधी दुकानदार, कधी आमच्या कारखान्याचे मालक. प्रश्न साधा आहे आणि उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच हवे असते. मी निवृत्त होऊन दोन वर्षे झाली. ते उत्तर मला अजून देता येत नाही.

या नोकरीआधी अकरा वर्षे मी सोलापुरातल्या एका दैनिकात जिल्हा पानाचा उपसंपादक होतो. तालुक्यांतून आलेल्या बातम्या कापायच्या, ‘असे समजते’ आणि ‘असे बोलले जाते’ खोडायचे, कोण, कुठे, कधी हे भरून घ्यायचे, असे ते काम. पुढे जिल्हा पान बंद झाले. त्याच सुमारास अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात जागा निघाली. दोन्ही बाजूंना टॉवेलचे माग खडखडत, मध्ये आमची शेड. तिथे शेतीला उपयोगी पडणाऱ्या बुरशा वाढवत असत. त्यांना मराठीत अहवाल आणि माहितीपत्रके लिहिणारा माणूस हवा होता. बुरशीतले मला काही कळत नाही, हे मी आधीच सांगितले. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. कांबळे मॅडम म्हणाल्या, “कळणारे आहेत, लिहिणारं कोणी नाही. फक्त जे झालं नाही ते लिहू नका.” अट मला सोपी वाटली.

बुरशी म्हटले की लोकांना खराब झालेले लोणचे आठवते. आमच्याकडची एक बुरशी मात्र शिकारी होती. तिची शिकार म्हणजे सूत्रकृमी. हा मातीतला, डोळ्यांना न दिसणारा, दोऱ्याच्या तुकड्यासारखा किडा. शेतकरी त्याला निमॅटोड म्हणतात. त्याची पिल्ले ओल्या मातीतून सरकत डाळिंबाच्या मुळाशी येतात, आत शिरतात आणि तिथेच मुक्काम करतात. मुळाला गाठी येतात. वरून पाहणाऱ्याला एवढेच दिसते की पाणी असूनही झाड दुपारी मान टाकते, पाने पिवळी पडतात, फळ लिंबाएवढे राहते. शेतकरी आणखी पाणी देतो. गाठाळलेल्या मुळाला ते ओढता येत नाही.

आमची बुरशी केसाहून बारीक धाग्यांनी मातीत पसरते. आसपास कृमी वळवळू लागले की ती धाग्यांची वेटोळी घालून चिकट जाळे तयार करते. कृमी चिकटतो, धडपडतो, थोड्या वेळाने थांबतो. मग धागे त्याच्या अंगात शिरतात आणि दुसऱ्या दिवशी काचेखाली नुसती सालटी उरते. हे मी सूक्ष्मदर्शकातून पहिल्यांदा पाहिले त्या दिवशी दुपारचा डबा तसाच घरी गेला.

बुरशी वाढवायची ती मालदांडी ज्वारीवर. ज्वारी अर्धवट शिजवायची, पिशव्यांत भरून वाफेवर निर्जंतुक करायची, मग तिच्यात बुरशीचे विरजण सोडायचे. दोनतीन आठवड्यांत दाणे पांढऱ्या लवेने भरतात. हे काम लक्ष्मीअक्कांकडे होते. त्या पूर्वी शेजारच्या टॉवेलच्या कारखान्यात होत्या. घरी तेलुगू, कामावर मराठी. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाल्या, “भाकरीची ज्वारी बुरशीला घालताना माझ्या सासूनं बघितलं तर मलाच पिशवीत भरंल ओ सर.”

आता यातली अडचण. ही बुरशी बारा महिने शिकारी नसते. ज्वारी, शेणखत, कुजका पाला असे काही आयते मिळाले तर ती त्यावरच राहते, जाळे लावायच्या फंदात पडत नाही. “पोट भरलं की शाकाहारी,” असे मॅडम म्हणत. प्रयोगशाळेतल्या थाळीत आम्ही तिला उपाशी ठेवून समोर कृमी सोडू शकत होतो. शेतात ती जेवलेली आहे की उपाशी, हे कळायला मार्ग नव्हता. मातीच्या आत वार्ताहर नेमता येत नाही.

गिऱ्हाइकांना हे सांगणे अवघड जाई. करमाळ्याचे एक बागायतदार पाकीट फोडून, नाकाशी नेऊन, परत करायला आले. “वास न्हाय ह्याला. वास न्हाय म्हंजे जोर न्हाय.” जिवंत वस्तू आहे, विषासारखा वास येणार नाही, असे मी सांगितले. “मग जिवंत हाय हे तरी कशावरनं?” ते म्हणाले. प्रश्न बरोबर होता. दुसऱ्या एकांनी आमची बुरशी आणि बुरशीनाशक एकाच टाकीत कालवून सोडले, कारण त्यामुळे एक फेरी वाचली. गुण आला नाही म्हणून त्यांनी आम्हाला फोनवर अर्धा तास ऐकवले. तिसरे एक गृहस्थ बरणीत निमॅटोड पकडून आणले म्हणून आले. बरणीत गांडुळे होती. ती परत शेतात सोडा, असे सांगितल्यावर ते थोडे हिरमुसले.

सुलाबाई ओल्या गोणपाटात गुंडाळलेले मूळ घेऊन आल्या. दिवस चैत्राचे होते. वैरागच्या बाजूला त्यांची डाळिंबाची बाग होती, बारा ओळींची. तीस वर्षे अंगणवाडी सेविका म्हणून काम करून त्या निवृत्त झाल्या आणि त्यानंतर त्यांनी ही बाग लावली. बरोबर मुलगा बापू होता. तो मोटारसायकलची किल्ली बोटात फिरवत दारातच उभा राहिला.

“हे बघा सायेब,” सुलाबाईंनी मूळ टेबलावर ठेवले. “मणी ओवल्यागत झालंय. ह्येला काय म्हनायचं?”

“बाराच्या बारा वळी अशाच हायत्या,” बापू दारातून म्हणाला. “मी म्हन्तो काढून टाकू. जेसीबीवाला वळखीचा हाय, सीताफळ लावू. पर आई ऐकंना.”

“बाग तू लावलीस व्हय रं? खड्डं मी काढून घेतलं, रोपं मी निवडून आनली.”

“मी कुटं न्हाय म्हन्तो? पर मरनाऱ्या झाडाला पानी किती दिस घालायचं, ते तरी सांग.”

मॅडमनी मूळ कापून पाहिले. सूत्रकृमीच होते. त्यांनी सुलाबाईंना सूक्ष्मदर्शकाशी बसवले आणि तयार थाळी काचेखाली ठेवली. सुलाबाईंनी चष्मा काढला, पुन्हा लावला, डोळा काचेला टेकवला.

“बया! धरलं की ह्येनं!” डोळा तसाच ठेवून त्यांनी विचारले, “ह्येला शिकवलं कुनी?”

“शिकवलं नाही,” मॅडम म्हणाल्या. “उपाशी असली आणि किडे आले की आपोआप करते.”

“आमच्या अंगनवाडीत उपाशी पोरगं नुसतं रडायचं. ह्ये जाळं लावतंय.”

बापूने हस्त बहारापर्यंत, म्हणजे पावसाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्यापर्यंत, थांबायचे कबूल केले. तोवर झाडे सुधारली तर ठीक, नाहीतर जेसीबी. त्याचा स्वर भांडणाचा नव्हता. सीताफळाची रोपे त्याने सांगूनही ठेवली होती.

आम्हालाही अशी एक बाग हवीच होती. मॅडमनी आखणी केली. एकाआड एक सहा ओळींना लाल फीत, उरलेल्या सहांना पांढरी. पाणी आणि शेणखत सगळ्यांना सारखे. लाल ओळींना त्याशिवाय बुरशी, तीन वेळा. पांढऱ्यांना बुरशी नाही. अखेरीस दोन्हींची मुळे तपासायची. लाल सुधारल्या आणि पांढऱ्या सुधारल्या नाहीत, तर ‘गुण येतो का’ याचे उत्तर मिळणार होते.

“पांढऱ्यांना का न्हाय?” सुलाबाईंनी विचारले.

“तुलना करायला,” मी म्हणालो.

त्या गप्प राहिल्या. ती शांतता मी होकार म्हणून धरली.

मी त्यांना एक वही दिली. ज्या दिवशी जे टाकाल ते तारीख घालून लिहा, असे सांगितले. दर महिन्याला मी जात असे, मातीचे आणि मुळांचे नमुने पिशव्यांत भरत असे आणि वहीच्या पानांचे फोटो काढून फाइलला लावत असे. सुलाबाईंचे अक्षर हजेरीपटावर घोटलेले, गोल आणि सुटे होते.

श्रावण संपता संपता बाग ओळखू येईना, इतकी पालवी फुटली. लाल ओळी हिरव्या झाल्या होत्या. पांढऱ्याही तितक्याच. मुळांवरच्या नव्या गाठी दोन्हींकडे कमी होत्या.

मला आधी माझाच संशय आला. पिशव्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून पुन्हा जाऊन नमुने आणले. आकडे तेच आले. लक्ष्मीअक्का म्हणाल्या, “पेपरात होता तवापण असंच उलटंपालटं छापत होता काय ओ सर?” मॅडमनी पांढऱ्या ओळींतली माती थाळीत पसरून तिच्यावर कृमी सोडले. तिसऱ्या दिवशी जाळी दिसली. म्हणजे बुरशी तिथेही होती. ती त्या मातीत मुळातच असू शकते; अशा बुरशा पुष्कळ जमिनींत असतात. पाण्यातून, फावड्यातून पसरली असू शकते. किंवा कोणी टाकली असू शकते. मॅडमना पहिले शक्य वाटत होते, मला दुसरे. तिसरे विचारून पाहणे मात्र राहिले होते. छापण्याआधी संबंधिताला विचारायचे, हा जिल्हा पानाचा पहिला नियम होता.

सुलाबाई बागेच्या कडेला बसून भुईमुगाच्या शेंगा तोडत होत्या. ओळींच्या मधल्या जागेत बापूने दसऱ्यासाठी झेंडू लावला होता, तो कळ्यांवर आला होता.

“सुलाबाई, पांढऱ्या ओळींना कोणी बुरशी दिली का?”

“दिली की.”

“कोणी?”

“मीच. आनि कोन देनार?”

“फक्त लाल ओळींना द्यायची होती.”

“लाल वळींचीच दिली. त्यातली निम्मी पांढऱ्यांना वाढली.” त्यांनी हातातला वेल खाली ठेवला. “सायेब, तीस वरीस खिचडी वाढली मी. एका रांगंला वाढायचं आनि दुसऱ्या रांगंनं बघत बसायचं, हे माज्या हातनं व्हईल का? आमच्या सुपरवायझर बाई लई कडक हुत्या, पर त्यांनीबी असलं कधी सांगितलं न्हाय.”

“मग मला सांगायचं तरी.”

“लिवलंय की वहीत.”

वहीत होते. तिन्ही तारखांना, गोल सुट्या अक्षरांत: ‘लाल ओळीचे निम्मे पांढऱ्या ओळीस दिले. सर्वांना सारखे.’ त्या पानांचे फोटो माझ्या फाइलमध्ये होते, क्रमांक घालून लावलेले. फोटो काढला म्हणजे वाचले, अशी माझी समजूत झाली होती. याच कारणासाठी अकरा वर्षे मी तालुक्यांच्या वार्ताहरांवर ओरडत आलो होतो.

म्हणजे आता हातात असे उरले: सगळ्या बागेला अर्धे माप मिळाले होते आणि सगळी बाग सुधारली होती. बुरशीमुळे असेल. त्या वर्षी शेणखत कधी नव्हे इतके पडले होते, त्यामुळे असेल. झेंडूच्या मुळांचा सूत्रकृमींना त्रास होतो असे मॅडमच सांगत, त्यामुळेही असेल. शेणखताने पोट भरलेल्या बुरशीने एकही जाळे लावले नसेल, हीसुद्धा शक्यता होती. बांधावर डाळिंबाची पाच झाडे होती, ती कोणत्याच ओळीत मोजली नव्हती. त्यांना कोणी काही दिले नव्हते. मी आशेने तिकडे गेलो. तीन वाळली होती. दोन ठणठणीत होती.

“पाच झाडांवर शास्त्र उभं राहत नाही,” मॅडम म्हणाल्या. “आणि ती दोन का जगली, हे मला विचारू नका.”

अहवालात मी लिहिले: ‘झाडे सुधारली. कारण निश्चित करता आले नाही.’ मालकांनी ते वाचले, चष्मा कपाळावर सरकवला आणि शांतपणे विचारले, “हे वाक्य पाकिटावर छापू का?” छापू नका, असे मी म्हणालो. ते छापले गेले नाही आणि दुसरेही काही छापले गेले नाही.

बापूला तोंडी सांगणे जास्त कठीण गेले. तो गोठ्यापाशी उभा होता, सुलाबाई उंबऱ्यात.

“झाडं सुधारली आहेत,” मी म्हणालो. “कशामुळं, ते सांगता येत नाही.”

“पुढल्या सालाला अशीच ऱ्हातील का?”

“सांगता येत नाही.”

“पुन्ना औषध टाकलं तर?”

“तेही नक्की सांगता येत नाही.”

“मंग तुमी सांगताय काय, सायेब?”

 ‘गुण आला’ एवढे दोन शब्द उच्चारले असते तर बाग वाचली असती. सुलाबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी ते उच्चारले नाहीत. ते बरोबर केले की चूक, हे मी नंतर बऱ्याचदा ठरवून पाहिले आहे.

मार्ग बापूनेच काढला. हा बहार तो धरणार होता. झाडे हिरवी असताना तोडण्याइतका तो घायकुतीला आला नव्हता. “पर मला एकदाच कळू द्या. एक वळ बिनऔषधाची ठेवा. आई, वाढायचं न्हाय तिला. पुढल्या हस्तापतुर बगू. तिच्यात आनि बाकीच्यांत फरक दिसला तर तुजी बाग ऱ्हाईल. न्हाय दिसला तर मंजे हे समदं आपोआप झालं आनि आपोआप जाईल. मंग मी सीताफळ लावनार.”

सुलाबाईंनी बाराही ओळींवरून नजर फिरवली. मग म्हणाल्या, “एकच?”

“एकच.”

“कुटली?”

बापूने माझ्याकडे पाहिले, मी बागेकडे. ओळ कोणी निवडेना. शेवटी त्याच उठल्या, घराच्या बाजूच्या शेवटच्या ओळीपाशी गेल्या आणि पहिल्या झाडाला हात लावला. ती बारावी होती.

“ही. डोळ्यांम्होरं ऱ्हाईल. लांबची ठिवली तर वाटायचं, मुद्दाम लांब बसवली.” मग वही आणून माझ्यासमोर धरली. “लिवून द्या. तोंडी सांगितल्यालं माज्या हातनं पाळलं जायाचं न्हाय, ते तुमी बगितलंय.”

मी लिहिले: ‘ओळ बारा : पाण्याशिवाय काही देऊ नये.’ खाली सही केली.

सोलापूरला परतल्यावर मॅडमना सांगितले. त्यांनी पहिला प्रश्न केला, “शेणखत द्यायचं असं लिहिलंत ना? फक्त बुरशी बंद करायची होती.”

मी तसे लिहिले नव्हते. मनात तेच होते. कागदावर दुसरे उतरले. पुढच्या खेपेला गेलो तोवर अकरा ओळींत शेणखत पडले होते आणि बारावीला नव्हते. आता मध्येच सूचना बदलली तर आणखी गोंधळ होईल, असा विचार करून मी ती तशीच ठेवली. त्या वेळी तो विचार मला शास्त्रीय वाटला.

वर्षभराने फरक दिसला. बाराव्या ओळीतली झाडे दुपारी मान टाकू लागली. पाने पिवळी, मुळांना गाठी. उरलेल्या अकरा ओळी हिरव्या होत्या. बापूने बागेतून दोन चकरा मारल्या, बाराव्या ओळीपाशी थांबला आणि तिथूनच रोपवाटिकेला फोन लावून सीताफळाची रोपे नको म्हणून सांगितले.

मी त्याला थांबवले. ही ओळ कडेची आहे, इथे मुरूम वर आहे, हिला शेणखतही मिळालेले नाही आणि ती चूक माझी आहे. बुरशीमुळेच फरक पडला असे यावरून म्हणता येत नाही.

“सायेब,” बापू म्हणाला, “बाग ठिवायची का न्हाय, एवढंच मला इचारायचं हुतं. ते कळलं. तुमचं तुमी बगा.”

त्याला जे पटले ते मला पटले नव्हते. बाग मात्र वाचली होती आणि उंबऱ्यातून सुलाबाई अकरा ओळींकडे नाही, बाराव्या ओळीकडे बघत होत्या. मला एसटी गाठायची होती. मी निघालो.

त्यानंतर दोन महिन्यांत कारखान्याने शिकारी बुरशी बंद केली. तिला गारवा लागतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुकानाच्या फळीवर पाकिटातली बुरशी मरून जाई आणि मेलेली बुरशी जिवंत बुरशीसारखीच दिसते. मालकांना वाळवून ठेवता येणारे, टिकाऊ असे काही हवे होते. लक्ष्मीअक्का जिवाणूंच्या टाक्यांवर गेल्या, मॅडम पुण्याला गेल्या. मला शेतांवर जायचे काम उरले नाही. दोन वर्षे माहितीपत्रके लिहिली आणि निवृत्त झालो. वैरागची फाइल ‘अपूर्ण’ असा शिक्का मारून कपाटात ठेवली होती. त्या कपाटाचे पुढे काय झाले, माहीत नाही.

गेल्या थंडीत एका लग्नासाठी वैरागला गेलो होतो. दुपार मोकळी होती म्हणून बागेकडे वळलो. बापू भेटला, त्याने ओळखले. अकरा ओळी तशाच होत्या, फळे धरलेली. बुरशीचे पाकीट चार वर्षांत मिळाले नव्हते, नुसते शेणखत आणि पावसाळ्यात झेंडू, असे तो म्हणाला. मग बाग कशाने टिकली होती, हे मी त्याला विचारले नाही.

बाराव्या ओळीत सात झाडे उरली होती. बाकीच्या झाडांच्या जागी पाण्याची नुसती आळी होती, सारवल्यासारखी स्वच्छ. ती सात झाडे बारीक, थोडी पिवळी, पण उभी होती. का उभी होती, हेही मला कळले नाही. एका झाडाखालची मूठभर माती मी रुमालात बांधून घेतली आणि मग लक्षात आले की ती तपासून देणारे आता कोणी नाही.

“आई त्या वळीला कुनाला हात लावू देत न्हाय,” बापू हसत म्हणाला. “मी एकदा खताची पाटी घिऊन गेलो तर काठी घिऊन आडवी आली. सायबानं लिवून दिलंय म्हनली.”

सुलाबाई काठी टेकत आल्या. वय दिसत होते. त्यांनी आधी चहाचे विचारले, लग्न कोणाचे ते विचारले. मग घरात जाऊन वही आणली. ती तिसरी वही होती. पहिली, माझी सही असलेली, तिच्या आत जपून ठेवलेली होती. मी पाने उलटली. या वेळी वाचली. शेणखत, फवारणी, छाटणी, सगळे तारखेनिशी, आणि जिथे जिथे अकरा ओळींना काही दिले होते तिथे खाली एक ओळ: ‘ओळ बारा : पाणी.’

“सायेब,” त्या म्हणाल्या, “ह्यांची परीक्षा संपली का?”

मी पहिली वही उघडली. माझे अक्षर, माझी सही. कधीपर्यंत, ते लिहिलेले नव्हते. तारखेशिवाय आलेली सूचना मी जिल्हा पानावर कधी घेतली नव्हती. परत पाठवत असे.

“संपली,” मी म्हणालो.

“कवा?”

“चार वर्षांपूर्वी.”

त्यांनी बाराव्या ओळीकडे पाहिले, मग माझ्याकडे.  मोकळी आळी तिथून स्पष्ट दिसत होती. थोड्या वेळाने वही माझ्यापुढे सरकवली. “मग तसं लिवून द्या.”

मी तारीख घातली आणि लिहिले: ‘ओळ बारा : आजपासून सर्वांबरोबर.’ त्यांनी ते चष्म्याजवळ धरून वाचले, वही मिटली आणि बापूला शेणखताची पाटी आणायला सांगितली. पाटी आली. ती त्यांनी बापूला ओतू दिली नाही. तो धरून राहिला, त्या ओंजळीने वाढत गेल्या. पहिल्या झाडापाशी तो म्हणाला, “आई, चार सालाचं ऱ्हायलंय ह्यांचं. जरा जास्ती घाल की.”

“न्हाय,” सुलाबाई म्हणाल्या. “समद्यांइतकंच.”